कुंकू लावलेल्या गोळ्या

समस्त आप्तेष्ट, स्नेही, जर्सी सिटीपासून नागपूरपर्यंत पसरलेले आमचे नातेवाईक, आणि ज्यांना ज्यांना माझ्या वडिलांनी भरल्या ताटावर अडवून ती गोष्ट ऐकवली आहे असे सर्व दुर्दैवी जीव, यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या तळघरात ज्या बंदुकीच्या गोळ्या भरल्या जात असत, त्या माझ्या वडिलांनी भरलेल्या नव्हत्या. त्या मी भरल्या होत्या. हे वाक्य वाचकांनी शक्य असल्यास उभं राहून वाचावं. बसून वाचलं तरी चालेल, पण दोनदा वाचावं.

मी आता पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. हल्ली ज्या गोळ्या मोजते त्या रक्तदाबाच्या असतात, आणि त्या कुणामुळे सुरू झाल्या हे या प्रकरणाच्या शेवटी आपल्या लक्षात येईलच. गेल्या दसऱ्याला जर्सी सिटीजवळच्या आयसेलिनमध्ये एका उपाहारगृहाच्या मागच्या हॉलमध्ये आमचं जेवण होतं. बाबांच्या भोवती पुण्या-नागपूरची नवी पोरं जमली होती, सगळी कंप्यूटरवाली, सगळी भुकेली. त्यांतला एक म्हणाला, "काका, ती ग्राउंडहॉगची स्टोरी सांगा ना, यार!" बाबांनी काठी भिंतीला टेकवली, श्रीखंडाची वाटी बाजूला सारली आणि सुरुवात केली, "मी गोळी अशी भरली होती, अशी भरली होती, की पोरीनं नुसता चाप ओढायचा बाकी होता." माझ्या हातातली पुरी हातातच राहिली. पोरं म्हणाली, "ऑसम, काका!" बाबांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. डोळा! मी उठून बाहेर गेले, पार्किंगमध्ये गाडीभोवती एक फेरी मारली, आणि ठरवलं की आता लिहायचंच.

तर आमचं घर. डोंगरांच्या दोन लांब रांगांमधल्या खोऱ्यात, स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून पाऊण तास आत, जिथे भारतीय म्हणजे आम्ही तिघंच. बाबा एका कारखान्यात धातूंच्या भुकट्या तपासायचे. डॉक्टरेट होती, म्हणून सगळं गाव त्यांना 'डॉक' म्हणायचं आणि अधूनमधून कुणीतरी गुडघा दाखवायला यायचं. आई पुण्याची, बाबा नागपूरचे. बाबांनी जिन्यावरून "काय करून राहिली?" असं विचारलं की आई हटकून म्हणायची, "राहिले कुठे, करतेच आहे." मी एकुलती एक, नाव नंदिनी, हाक नंदू. शेजारी वॉल्टर नावाचा म्हातारा शेतकरी होता, त्याच्या गाई, त्याचं गवताचं रान. त्या रानात ग्राउंडहॉग नावाचे गुबगुबीत, पिवळ्या दातांचे प्राणी बिळं खणत. आई त्यांना घुशी म्हणायची, आणि तो शब्द ती ज्या तिरस्काराने उच्चारायची त्याला इंग्रजीत तोड नाही. घुशीच्या बिळात पाय जाऊन वॉल्टरच्या गाईचा पाय मोडला होता. आमच्याकडे त्याहून भयंकर गुन्हा घडला होता. आईने भारतातून चोरून आणलेल्या बियांची मेथी एका घुशीने एका सकाळीत मुळासकट फस्त केली होती. "तुमच्याकडे एवढं शिक्षण आहे," आई बाबांना म्हणाली, "त्याचा एका तरी घुशीवर काही परिणाम होतो का बघा." त्यातून बंदूक आली. लहान तोंडाची, पातळ नळीची, लहान जनावरांसाठीची. आणि बंदुकीपाठोपाठ, बाबा मुळात प्रयोगशाळेतले असल्यामुळे, विकतच्या गोळ्या त्यांना पसंत पडेनात म्हणून तळघरात गोळ्या भरायचं सामान आलं.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोळी उडाली की पितळेची रिकामी पुंगळी उरते. ती घासूनपुसून, दाबयंत्रात घालून पुन्हा मापाला आणायची, बुडात नवी ठिणगीची टोपी बसवायची, आत मोजून दारू ओतायची आणि तोंडाशी नवी गोळी बसवायची. बंदुकीच्या भुकटीला मराठीत दारूच म्हणतात, त्याला माझा इलाज नाही. नागपूरच्या आजीचा फोन आला आणि तिने विचारलं, "बाबा काय करतोय गं?" तेव्हा मी अत्यंत खरं उत्तर दिलं होतं, "तळघरात दारू मोजतायत." पलीकडे एवढी शांतता पसरली की मला वाटलं लाइन तुटली. त्यानंतर कितीतरी महिने काका-आत्यांचे फोन यायचे आणि सगळे आईशी फार प्रेमाने बोलायचे. आईने कुणाचाही गैरसमज दूर केला नाही. "थोडं प्रेम मिळतंय तर मिळू दे," ती म्हणाली.

ही दारू ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे दाणा. बाबा मला तर्जनी उंचावून सांगायचे, "एका दाण्याच्या वजनावरून हे माप आलं, नंदू. धान्याच्या दाण्यावरून! म्हणजे एक दाणा इकडेतिकडे झाला की खेळ खलास." हे वाक्य वाचकांनी जपून ठेवावं. बाबांनी ते जपलं नाही.

त्या तळघराचे आवाज मला अजून ऐकू येतात. पितळ घासणारं घरघरं यंत्र, त्यात मक्याच्या कणसाचा भुसा आणि पुंगळ्या गोल गोल फिरत. आई त्यातच गणपतीची निरांजनं टाकायची, आणि ती अशी झळाळून निघायची की चिंच लावून घासणं तिने कायमचं सोडलं. दाबयंत्राचा दांडा खाली जाताना 'कट्' आणि वर येताना 'टक्'. वरच्या पाइपला आईने पंच्यात बांधून टांगलेला चक्का, आणि त्याखाली पातेल्यात पडणारे थेंब. डोक्यावर स्वयंपाकघर. आईने मिक्सर लावला की जमिनीतून कंप उतरायचा आणि तराजूचा काटा ताप आल्यासारखा थरथरायचा. मग मी ओरडायचे, "आई, मिक्सर थांबव, दारू मोजतेय!" आणि वरून उत्तर यायचं, "मग चटणी काय तुझ्या दारूत वाटू?" फोडणीचा वास, बंदुकीच्या तेलाचा वास आणि आंबट चक्का, या तिन्हींचं मिश्रण म्हणजे माझं तारुण्य. अत्तरवाल्यांना लागल्यास कळवावं.

वाचक विचारतील, बाबांचं सामान, मग मी कशी तिथे? सरळ आहे. बाबांना सांगायला आवडायचं, करायला नाही. आमच्या बंदुकीला हलकी गोळी लागायची. हलकी गोळी वेगात जाते, सरळ जाते आणि मातीला लागताच फुटते, म्हणजे उसळून कुणाच्या गाईला किंवा नातवाला लागत नाही. पण ती लाडावलेली असते. जड गोळी थोडी चूकभूल पोटात घालते, हलकी घालत नाही. पुंगळीचं तोंड कागदासारखं पातळ, गोळी किंचित तिरपी टेकवून दांडा ओढला की ते चुरगळतं. बाबा 'आपण हलकी गोळी का वापरतो' यावर व्याख्यान देत देत दांडा ओढायचे आणि चुरगळायचे. एकदा, दोनदा, शेवटी ते म्हणाले, "तुझी बोटं बारीक आहेत, तू बस. मी बघतो." आणि पुढली सगळी वर्षं त्यांनी बघितलं. मी आधी तराजू शून्यावर आणायचे, प्रत्येक वेळी, मिक्सर थांबल्याची खात्री करून. मी मोजायचे, मी ओतायचे, मी बसवायचे. बाबा खुर्चीत बसून दाणे खात देखरेख करायचे. शेंगदाणे म्हणतेय मी.

आणि शनिवारी वॉल्टरच्या रानात, वॉल्टर आणि त्याचा मेहुणा चक यांच्यासमोर, बाबा कागदी थाळीवर गोळ्या मारायचे. सगळी भोकं एका कपाच्या बुडाखाली झाकली जातील इतकी जवळ पडायची. चक शीळ घालायचा. "डॉक, या तू भरल्यास?" आणि बाबा हसून म्हणायचे, "मीच." माझ्यासमोर! मी दोन हात अंतरावर उभी! पहिल्यांदा मला वाटलं, गडबडीत राहून गेलं असेल. मग कळलं की बाबांचं व्याकरणच वेगळं आहे. गोळी लागली की प्रथम पुरुष. गोळी चुकण्याची वेळ अजून आलेली नव्हती, म्हणून तृतीय पुरुष कुठे वापरतात हे मला माहीत नव्हतं. तेही शिकायला मिळणार होतं. मी आईकडे तक्रार केली, तर ती पोळी लाटत म्हणाली, "आमच्या लग्नात यांनी मुंडावळ्या स्वतः बांधल्या असंही सांगतात."

तरी मी गप्प राहिले, कारण एक सौदा होता. मी गावच्या अग्निशमन केंद्रात जाऊन शिकारीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. वर्गात मी एकटीच मुलगी आणि एकटीच सावळी. परवाना माझ्या नावाचा आला. बाबा म्हणाले, "दसऱ्याला. दसऱ्याला तुझं सीमोल्लंघन. पहिली गोळी तू मारायची, तुझ्या हातची, वॉल्टरच्या रानात, सगळ्यांसमोर. मी सांगेन त्यांना की कुणी भरल्यात." मला घूस मारायची हौस होती असं नाही. मला ते वाक्य ऐकायचं होतं. बाबांच्या तोंडून, इंग्रजीत, मोठ्याने. त्यासाठी मी एक डबी गोळ्या अशा भरल्या की तशा नंतर कधी भरल्या नाहीत.

त्या वर्षी दसरा शनिवारी आला, म्हणजे शुक्रवारी खंडेनवमी. हत्यारांची, अवजारांची पूजा. आईच्या माहेरी शिवणयंत्रापासून अडकित्त्यापर्यंत सगळ्याला हार पडायचे, त्यामुळे तळघर म्हणजे तिला पर्वणीच. तिने अंगणातल्या झेंडूचा हार दाबयंत्राच्या दांड्याला घातला. बंदुकीच्या दस्त्यावर हळदकुंकू. घरघऱ्या यंत्राला हळदकुंकू. तराजूला हळदकुंकू, आणि वर ओल्या कुंकवात कालवलेल्या अक्षता, चांगल्या मूठभर. मग माझी डबी. काडतुसं तिच्यात तोंड खाली, बूड वर करून उभी असतात. आईने प्रत्येकाच्या बुडावर, नेमकं टोपीवर, करंगळीने कुंकवाचा एकेक टिळा लावला. पितळी गोल चेहरे, मधोमध लाल टिकली. हळदीकुंकवाला बसलेल्या सवाष्णींसारखी सगळी काडतुसं ओळीने बसली होती. बाबांनी आरती म्हटली, नैवेद्याला गूळखोबरं दाखवलं. मला वाटलं ते खूश आहेत. "आता उद्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही," आईने बजावलं. "पूजेतली हत्यारं आज विश्रांती घेतात."

संध्याकाळी मी वर पुरण वाटायला जुंपलेली असताना खालून आवाज आला. कट्. टक्. मी मान वर केली. आई मिक्सर चालवत होती, म्हणून मला वाटलं भास झाला. पुन्हा, कट्, टक्. "बाबा?" मी जिन्यातून ओरडले. "काही नाही, आवरून राहिलो," ते म्हणाले. आवरत होते! मी विश्वास ठेवला. मी माझ्या बापावर विश्वास ठेवला, हे लिहिताना आजही माझी पेन्सिल कागदात रुतते.

सकाळी निघताना आईने माझ्या जाकिटाच्या एका खिशात रेडबडची पानं कोंबली. तिकडे आपटा कुठला, पण त्या झाडाची पानं साधारण तशीच, जोडलेल्या हातांसारखी. "सोनं म्हणून वॉल्टरभाऊजींना दे," ती म्हणाली. तो खिसा बंद करून तिने दुसऱ्या खिशात कुंकू लावलेल्या गोळ्यांची माझी डबी घातली. "ही तुझ्या बाबांनी टेबलावरच ठेवलीय. विसरले वाटतं. पूजेतलं न्यायचं असतं." मी खिशाचं बटण लावलं. विसरले असतील, असंच वाटलं.

रानात दव होतं, गवत गुडघ्यापर्यंत ओलं. वॉल्टरने आपलं सोनं टोपीच्या पट्टीत खोचलं आणि विचारलं नाही की हे काय. तो कधीच काही विचारत नसे, म्हणून आईचा तो लाडका. चक कॉफीचा थर्मास घेऊन आला होता. गवताच्या गासडीवर बंदूक टेकवली, आणि मी पुढे झाले. तेवढ्यात बाबा माझ्या पुढून गेले. "थांब, नंदू, आधी मी जरा निशाणा बघून घेतो. तुझ्यासाठीच." आणि बसले. खिशातून त्यांनी वेगळीच एक डबी काढली. लांब कुंपणाशी एक घूस मागच्या पायांवर उभी राहून आमच्याकडे सरकारी अधिकाऱ्यासारखी बघत होती. पहिला बार. तिच्या पुढे, खाली, माती उडाली. घूस तशीच उभी. दुसरा बार, आणखी खाली. तिसरा वर निघून गेला, कुंपणाची फळी खटकन वाजली. घुशीने जांभई दिली असं मी सांगितलं तर अतिशयोक्ती होईल, पण सांगते. मग ती आत गेली. चक हसला, "डॉक, आज काय भरलंस, पॉपकॉर्न?"

आणि बाबांनी, ज्यांनी आजवर गोळ्यांच्या बाबतीत एकदाही माझं नाव घेतलं नव्हतं, अंगठा खांद्यावरून मागे, माझ्याकडे केला. "या माझ्या मुलीने भरल्यात," ते इंग्रजीत म्हणाले. मोठ्याने. स्वच्छ. ज्या वाक्यासाठी मी महिनोन्‌महिने थांबले होते, तेच वाक्य. तृतीय पुरुष!

मी त्यांच्या डबीकडे बघितलं. सगळी बुडं कोरी. पितळ चकचकीत. एकाही कपाळावर कुंकू नाही. आणि मला सगळं एकदम कळलं. कालचं कट्-टक्. टेबलावर 'विसरलेली' माझी डबी. त्यांना लाज वाटली होती. चकसमोर कुंकू लावलेली काडतुसं काढायची लाज. म्हणून त्यांनी पूजेच्या संध्याकाळी चोरून स्वतः नवी भरली होती.

"बाबा, या माझ्या नाहीत."

"नंतर बोलू," ते पुटपुटले. लोकांसमोर मराठी बोलायची वेळ आली की ते नेहमी ओठ न हलवता बोलायचे, जणू खिसा कापतायत.

"कुंकू कुठंय? माझ्या सगळ्यांना कुंकू आहे."

"हळू बोल ना. नंतर, म्हटलं ना."

"काल आवरत होतात ना तुम्ही? हे आवरत होतात?"

वॉल्टरने टोपी मागे सारली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी विचारलं, "काय म्हणतेय ती?"

बाबा म्हणाले, "शी इज सेइंग सॉरी."

मंडळी, मी यानंतर लग्न केलं, मुलगी वाढवली, मॅनहॅटनमध्ये दोनदा नोकरी गेली, एका घरमालकाला कोर्टात खेचलं. पण त्या चार शब्दांनी जो राग आला तो राग मला पुन्हा आला नाही. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी बाबांशी बोललेच नाही. वॉल्टरला विचारलं, "मी मारू का?" रान त्याचं होतं. त्याने मान हलवली, बाबांना खांद्याला धरून उठवलं आणि मला जागा दिली. आम्ही थांबलो. दव वाळलं. चकने कॉफी संपवली. बाबा मागे उभे राहून दोनदा म्हणाले, "श्वास रोखून धर," आणि मी दोन्ही वेळा मुद्दाम जोरात श्वास घेतला. शेवटी ती घूस पुन्हा वर आली, त्याच जागी, त्याच तोऱ्यात. मी खिशातून एक काडतूस काढलं, कुंकू बघून आत सरकवलं, आणि चाप ओढला. घूस जागच्या जागी आडवी झाली. तिने पायही झाडले नाहीत.

मी वळले. आता तरी. आता तरी बोला.

चकने बाबांच्या पाठीवर थाप मारली. "बघ, डॉक! तुझ्या गोळ्या ठीकच आहेत. तुझा डोळा गेलाय." आणि बाबा हसले आणि म्हणाले, "थँक यू."

घरी येताना मी बाबांच्या गाडीत बसले नाही. वॉल्टर आमच्याकडे दसऱ्याला जेवायला येणारच होता, मी त्याच्या ट्रकमध्ये बसले. तो वाटेत एकच बोलला, "तू सॉरी म्हणत नव्हतीस, हो ना?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "वाटलंच."

दारातून मी सरळ तळघरात गेले. पाठोपाठ बाबा, "अगं, ऐकून तर घे." पाठोपाठ हातात झारा घेतलेली आई, आणि पाठोपाठ, बूट बाहेर काढून मोज्यांवर, वॉल्टर. मी तराजूचं रिकामं पारडं जागेवर ठेवलं. काटा शून्यावर येईना. "काल शून्य बघितलं होतंत?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "एवढी वर्षं झाली, माझा हात बसलाय." मी पारडं उलटं केलं. खाली, वाळलेल्या कुंकवात घट्ट चिकटलेले, गुलाबी झालेले तांदळाचे दाणे. अक्षता. काही अजून तिथेच होते, काहींचे नुसते ठसे उरले होते, म्हणजे मोजता मोजता एकेक गळून पडलेले. बाबांनी वरवरचं झटकलं होतं, खाली बघितलंच नव्हतं. दाण्याएवढी दारू कमी, मग एक दाणा गळला की वेगळीच. एक दाणा इकडेतिकडे झाला की खेळ खलास. कोण म्हणालं होतं?

मी ओरडायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. कारण तांदूळ पारड्याखाली होते म्हणून दारू कमी पडली. तेच काट्याच्या दुसऱ्या टोकाला चिकटले असते तर दारू जास्त पडली असती, आणि त्या बंदुकीला माझ्या बाबांचा गाल टेकलेला होता. "तुमचं तोंड गेलं असतं!" मी म्हणाले, "फक्त चकसमोर लाज वाटली म्हणून!" आणि रागाने, निव्वळ रागाने, मला रडू फुटलं. बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांना आईचा आधार सापडला. "ही पूजा कुणी केली? तराजूवर अक्षता कुणी टाकल्या?"

आईने झारा उचलला. "पूजेतल्या हत्याराला हात लावायचा नसतो, हे मी सांगितलं होतं. लावला कुणी?"

बाबा दांड्यावरचा झेंडूचा हार सरळ करू लागले.

"मी विचारतेय, लावला कुणी?"

वरच्या पाइपवरून आईचा पंचा थेंब थेंब गळत होता. वॉल्टरला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं. मी नाक पुसत खिशातून माझ्या गोळीची, रानात उचललेली रिकामी पुंगळी काढली आणि तळहातावर ठेवून पुढे केली. बुडावर कुंकवाचा टिळा होता, आणि टिळ्याच्या बरोब्बर मधे बंदुकीच्या सुईचा खड्डा. वॉल्टर खाली वाकला, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने बोट केलं. कशाकडे केलं यावर आमच्या घरात आजतागायत एकमत नाही. त्याचं बोट जाड होतं, थरथरतं होतं, आणि पुंगळी अन् मी एकाच रेषेत होतो. बाबांचं म्हणणं, त्याने माझ्याकडे बोट केलं आणि त्यांनी माझ्याबद्दलच उत्तर दिलं. माझं म्हणणं, बोट पुंगळीकडे होतं, आणि तो माणूस त्याही क्षणी, कुंकू समोर दिसत असताना, दाणे पारड्याला चिकटलेले असताना, पुन्हा प्रथम पुरुषावर गेला. माझी मुलगी म्हणते, "बोथ, ऑब्विअसली. लेट इट गो, आई." मी सोडणार नाही. मराठीत गोळी, पुंगळी आणि मुलगी तिन्ही स्त्रीलिंगी आहेत, ही या भाषेने माझ्यावर केलेली दगाबाजी आहे. एवढं मात्र खरं की लोकांसमोर ओठ न हलवता मराठी बोलणारा तो माणूस त्या दिवशी परक्या माणसासमोर, सबंध तळघर घुमेल इतक्या मोठ्याने, मराठीत बोलला.

वॉल्टर म्हणाला, "डॉक, ही कुणाची?"

आणि बाबा ओरडले, "माझी!"